एसएसडीच्या खोक्यावरचे आकडे आणि हातात पडणारा वेग

खोक्यावर ठळक छापलेला वेग खोटा नसतो. तो सगळ्यांत सोयीच्या परिस्थितीत मोजलेला असतो, इतकंच. ड्राइव्ह रिकामी, फाइल मोठी आणि सलग, कमांडांची रांग लांब, स्लॉट पूर्ण क्षमतेचा आणि चिप थंड. घरच्या मशिनवर हे सगळं एकाच वेळी जुळून येणं विरळाच. म्हणून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, निवडताना उलट्या क्रमाने जावं. आधी आपल्या मशिनचा स्लॉट पाहावा, मग आपलं काम काय ते ठरवावं आणि खोक्यावरचा आकडा सगळ्यांत शेवटी वाचावा.

पहिली पायरी: आकार वेगळा, मार्ग वेगळा

‘एम.२ घेतली म्हणजे वेगवान’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. एम.२ हा फक्त पट्टीचा आकार आहे. त्या पट्टीतून डेटा साटा मार्गाने (हार्ड डिस्कसाठीचा जुना मार्ग) जाईल की पीसीआयई मार्गाने (ग्राफिक्स कार्डही वापरतं तो वेगवान मार्ग), हे त्यावरून कळत नाही. एम.२ आकाराची साटा एसएसडी २.५ इंची साटा एसएसडीइतकीच चालते, म्हणजे साधारण ५५० एमबी/सेकंद. एनव्हीएमई हा तिसराच प्रकार. पीसीआयई मार्गावरून ड्राइव्हशी बोलण्याचा तो प्रोटोकॉल आहे आणि त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली. साटावर चालणारा एएचसीआय हा प्रोटोकॉल फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातला. त्यात कमांडांची एकच रांग असते आणि त्या रांगेत फार तर ३२ कमांड मावतात. एनव्हीएमईमध्ये ६५ हजारांहून जास्त रांगा उघडता येतात आणि प्रत्येक रांगेत तितक्याच कमांड बसू शकतात. घरच्या वापरात या रांगा भरत नाहीत, पण सर्व्हरवर भरतात.

एम.२ पट्टीवरचा चार-पाच आकडी क्रमांक म्हणजे तिची मापं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२३०, २२४२ आणि २२११० याच पद्धतीने वाचायचे. लॅपटॉप घेऊन दुकानात जाण्याआधी मागचं झाकण उघडून स्क्रूचा खांब कुठल्या लांबीवर आहे ते बघा. अगदी पातळ लॅपटॉप असेल तर आणखी एक खात्री करावी लागते: पट्टीच्या एकाच बाजूला चिप आहेत की दोन्ही. दोन्ही बाजूंना चिप असलेली पट्टी अशा लॅपटॉपमध्ये बसवली, तर झाकण नीट बसत नाही आणि बोर्डावर ताण येतो.

आता खाच. पट्टीच्या सोनेरी टोकाला एका बाजूला ५ सोनेरी रेघा सुटून खाच असेल तर ती ‘एम’ की (की म्हणजे खाचेचा प्रकार), ६ रेघा सुटून असेल तर ‘बी’ की. एम.२ साटा ड्राइव्हना बहुधा दोन्ही खाचा असतात. पण जुन्या, दोन लेनच्या काही एनव्हीएमई ड्राइव्हनाही दोन खाचा आहेत, त्यामुळे खाच पाहून शंभर टक्के निर्णय देता येत नाही. दोन खाचांची साटा पट्टी ‘एम’ स्लॉटमध्ये आरामात बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) मात्र दिसत नाही. कारण त्या स्लॉटला साटाच्या तारा जोडलेल्याच नसतात. दुकानदार अशी ड्राइव्ह ‘डेड’ म्हणून परत घेतो, पण तिच्यात बिघाड काहीच नसतो. यावर उपाय एकच: लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटसमोर ‘साटा’, ‘पीसीआयई’ की दोन्ही लिहिलंय ते वाचणं. आणि वाय-फाय कार्डाचा छोटा स्लॉट ‘ई’ कीचा असतो, त्यात यांपैकी काहीच बसणार नाही. तिथे जोर लावू नका.

दुसरी पायरी: मार्गाची कमाल मर्यादा काढा

साटाची तिसरी पिढी सेकंदाला ६ गिगाबिट वाहून नेते. बिट आणि बाइट यांतला फरक इथे लक्षात ठेवावा लागतो. ६ गिगाबिटला ८ ने भागून ७५० यायला हवेत, पण साटा दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवतो. त्यामुळे मर्यादा ६०० एमबीवर येते आणि प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता हाती ५५०-५६० उरतात. म्हणूनच सगळ्या कंपन्यांच्या चांगल्या साटा एसएसडींवर जवळजवळ एकच आकडा छापलेला दिसतो. त्या आकड्यावरून दोन साटा ड्राइव्हची तुलना करण्यात अर्थ नाही.

पीसीआयईचा हिशेब लेनवर, म्हणजे डेटाच्या समांतर वाटांवर, चालतो आणि एसएसडीला बहुधा ४ लेन मिळतात. तिसऱ्या पिढीपासून दर १२८ बिटांमागे १३० बिट पाठवले जातात, त्यामुळे गळती नगण्य आहे. ३.० मध्ये एका लेनला सुमारे ९८५ एमबी, म्हणजे चार लेनना ३,९४० च्या आसपास मिळतात आणि प्रत्यक्षात ३,५०० येतात. ४.० मध्ये हे दुप्पट होऊन ७,८८० होतं, प्रत्यक्षात ७,००० ते ७,४००. ५.० मध्ये पुन्हा दुप्पट, १५,७५० ची कमाल मर्यादा, आणि वरच्या दर्जाच्या ड्राइव्ह १४,००० च्या पुढे जातात. पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. ४.० ची ड्राइव्ह ३.० च्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालते, फक्त वेग ३.० चाच मिळतो.

आता खरी खोच. स्लॉटवर ‘४.०’ छापलंय म्हणून तो तुमच्याकडे ४.० वर चालेलच असं नाही, कारण पहिल्या एम.२ स्लॉटच्या लेन बहुधा थेट प्रोसेसरकडून येतात. बी५५० मदरबोर्ड आणि रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ही जोडी घ्या. बोर्ड ४.० चा, पण प्रोसेसरमध्येच पीसीआयई ३.० आहे, म्हणून ७,००० ची ड्राइव्ह ३,५०० वर अडकते. इंटेलच्या बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ १०४०० बसवला, तर प्रोसेसरला जोडलेला वरचा एम.२ स्लॉट चालतच नाही, कारण त्या चार लेन अकराव्या पिढीपासून आल्या. ड्राइव्ह खालच्या स्लॉटमध्ये हलवली की लगेच दिसते. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह टाकली की साटाची दोन पोर्ट बंद पडतात आणि जुनी हार्ड डिस्क अचानक गायब होते. झेड७९० चे काही बोर्ड ५.० चा एम.२ स्लॉट वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनपैकी ८ काढून घेतात. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बहुतेकदा स्टोरेजच्या तक्त्याखालच्या तळटिपेत.

जुन्या डेस्कटॉपांचा प्रश्न वेगळा. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत दहा-बारा वर्षांपूर्वी जोडून घेतलेल्या मशिनमध्ये एच६१ बोर्ड असेल, तर त्याची सगळी साटा पोर्ट ३ गिगाबिटची आहेत. तिथे चांगली साटा एसएसडीसुद्धा २६०-२८० एमबीच देईल. तरीही बसवा. का, ते पुढच्या पायरीत कळेल. अशा बोर्डावर पीसीआयई अडॅप्टर कार्ड लावून एनव्हीएमई जोडता येते, पण मूळ बायोसला एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो व्यवहार होतो.

तिसरी पायरी: सलग वेग, विखुरलेला वेग आणि रांग

५० जीबीची एक व्हिडिओ फाइल हलवताना सलग वेग कामी येतो. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, टॅली किंवा फोटोशॉप लोड होणं, यांत हजारो छोटे तुकडे इथूनतिथून वाचले जातात. या कामाचं माप म्हणजे ४ केबीचे विखुरलेले तुकडे, आणि त्यासाठी खोक्यावर ‘१० लाख आयओपीएस’, म्हणजे सेकंदाला १० लाख तुकडे, अशी संख्या असते. १० लाखांना ४,०९६ बाइटांनी गुणलं की सुमारे ४,१०० एमबी/सेकंद येतात. हा आकडा खरा आहे, पण शेकडो कमांड एकाच वेळी रांगेत उभ्या असताना मोजलेला. घरच्या संगणकात रांगेत बहुतेक वेळा एक ते चार कमांड असतात.

म्हणून रांगेची खोली १ असताना ४ केबी वाचनाचा वेग किती, हा आकडा शोधा. कंपनीच्या तपशीलपत्रात तो कधी असतो, कधी नसतो. नसेल तर स्वतंत्र परीक्षणांत मिळतो. ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एक तुकडा शोधायला सरासरी १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ८० तुकडे, ०.३ एमबी/सेकंद. साधारण साटा एसएसडी हेच ४० एमबीच्या आसपास करते, म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे सुमारे १०० मायक्रोसेकंद. चांगली एनव्हीएमई ६० ते ९० एमबीवर असते. ८० धरले तर तुकड्यामागे ५१ मायक्रोसेकंद.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना शंभर पटींहून जास्त फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर जाताना तो दुपटीच्या आसपास राहतो, आणि ४.० वरून ५.० वर जाताना बहुतेकांना जाणवतही नाही. एच६१ वर अर्ध्या मार्गाची साटा एसएसडीसुद्धा मशिन का बदलून टाकते, ते यावरून कळतं: विखुरलेलं वाचन त्या २७० एमबीच्या मर्यादेजवळ पोहोचतच नाही. उलट ४के व्हिडिओ संपादन, मोठ्या व्हर्च्युअल मशिन किंवा रोज शेकडो जीबीची हलवाहलव असेल, तर सलग वेगासाठी पैसे टाकणं रास्त आहे.

चौथी पायरी: कॅश संपल्यावर काय होतं

फ्लॅशच्या एका पेशीत किती बिट कोंबले, त्यावरून प्रकार पडतात. एसएलसीत १, एमएलसीत २, टीएलसीत ३ आणि क्यूएलसीत ४. तीन बिट ठेवायचे तर पेशीतल्या विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी १६. पातळ्या जितक्या जवळ, तितकं लेखन सावकाश आणि पेशीची झीज जास्त. यावर कंपन्यांनी काढलेली युक्ती म्हणजे रिकाम्या पेशींत सुरुवातीला एकेकच बिट लिहायचा, भराभर, आणि ड्राइव्ह निवांत असताना मागाहून तो दाटीने भरायचा. हीच एसएलसी कॅश. गच्चीवरची टाकी भरलेली असेपर्यंत नळाला जोरात पाणी येतं, टाकी रिती झाली की थेट लाइनची जी काही धार असेल तीच उरते. इथेही तसंच होतं.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या साटा, क्यूएलसी ड्राइव्हच्या १ टीबी आवृत्तीवर लेखनाचा वेग ५३० एमबी/सेकंद लिहिलेला आहे. तपशीलपत्रात कंपनीनेच पुढे दिलंय की कॅश ४२ जीबीपर्यंत आहे आणि ती संपल्यावर वेग ८० एमबी/सेकंद होतो. २०० जीबी कॉपी करायचे आहेत असं समजा. खोक्यावरच्या आकड्याने साडेसहा मिनिटांच्या आत काम व्हायला हवं. प्रत्यक्षात पहिले ४२ जीबी ८० सेकंदांत जातात आणि उरलेल्या १५८ जीबींना सुमारे ३३ मिनिटं लागतात. लग्नाचं शूटिंग रोज उतरवून घेणाऱ्याने ही ड्राइव्ह घेऊ नये. फोटो आणि गाणी साठवून फक्त वाचायची असतील तर ती उत्तम आहे. २ टीबी आवृत्तीत कॅश ७८ जीबीपर्यंत आणि नंतरचा वेग १६० एमबी/सेकंद आहे, म्हणजे एकाच मॉडेलमध्येसुद्धा क्षमतेनुसार स्वभाव बदलतो. मोठ्या ड्राइव्हमध्ये चिप जास्त असतात आणि कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार पाहणारी चिप) त्यांच्यावर एकाच वेळी लिहू शकतो, हे त्यामागचं कारण. खोक्यावरचा आकडा बहुधा त्या मालिकेतल्या सर्वांत वेगवान क्षमतेचा असतो. आपण घेणार असलेल्या क्षमतेची ओळ शोधा.

ड्राइव्ह भरत गेली की कॅशही आकसते, कारण बहुतेक नव्या ड्राइव्हमध्ये ती मोकळ्या जागेतूनच उसनी घेतलेली असते. टीएलसीवर १०० जीबी मोकळे असतील तर कॅश जास्तीत जास्त ३३ जीबी होईल, क्यूएलसीवर २५. शिवाय फ्लॅशमध्ये लिहिणं पानापानाने होतं, पण पुसणं मात्र अनेक एमबींच्या अख्ख्या ब्लॉकचंच होतं. मोकळे ब्लॉक संपले की कंट्रोलरला आधी चालू डेटा उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो, मग ब्लॉक पुसायचा, मग तुमचं लिहायचं. १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा, असं जे सांगतात ते यासाठी.

डीरॅम आहे की नाही

कुठला डेटा कुठल्या पेशीत आहे याचा नकाशा कंट्रोलरला सतत लागतो. १ टीबीचे ४ केबीचे तुकडे पाडले तर २४ कोटींहून जास्त नोंदी होतात, प्रत्येकीला ४ बाइट धरले की जवळजवळ १ जीबी. महागड्या ड्राइव्हवर तेवढी डीरॅम, म्हणजे वेगवान तात्पुरत्या स्मृतीची, चिप असते. स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्याच रॅममधला तुकडा उसना घेतात, बहुतेकदा ६४ एमबी. त्यात अंदाजे ६४ जीबी पसाऱ्याचा नकाशा मावतो. विंडोज, ऑफिस आणि दोन-चार गेम यांना ते पुरतं, मोठ्या डेटाबेसला कमी पडतं. साटा ड्राइव्हना ही उसनवारी करता येत नाही. म्हणून विंडोजसाठी साटा एसएसडी घेत असाल तर डीरॅम असलेलीच घ्या. एनव्हीएमईत डीरॅम नसली तरी घरगुती कामाला बिघडत नाही.

एक धोका लक्षात असू द्या. मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला कंट्रोलर किंवा फ्लॅश बदलण्याचे प्रकार या धंद्यात अनेकदा झाले आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षणातली ड्राइव्ह आणि आज खोक्यातून निघालेली ड्राइव्ह वेगळी असू शकते. परीक्षणाची तारीख पाहा, आणि तपशीलपत्रात फ्लॅशचा प्रकारच लिहिलेला नसेल तर तो क्यूएलसी आहे असं गृहीत धरून किंमत ठरवा.

आयुष्याचा आकडा

टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहायला मुभा आहे. १ टीबी टीएलसीसाठी ६०० हा रूढ आकडा आहे, वर उल्लेखलेल्या क्यूएलसी ड्राइव्हसाठी तो ३६० आहे. रोज ४० जीबी लिहिले तर ६०० टीबी संपायला ४१ वर्षं लागतील. घरगुती वापरात या आकड्याची काळजी करू नका. वॉरंटी वर्षं आणि टीबीडब्ल्यू यांपैकी जे आधी संपेल त्यावर संपते, एवढं ध्यानात ठेवा. सीसीटीव्हीचं सतत रेकॉर्डिंग हा अपवाद. ते काम रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या हार्ड डिस्कवरच ठेवा.

क्षमतेबद्दल एकच सांगायचं. १ टीबी म्हणजे कंपनीच्या लेखी दहाचा बारावा घात इतके बाइट. विंडोज १,०२४ ने भागतं म्हणून ९३१ दाखवतं. कुणी काही चोरलेलं नसतं.

बसवताना

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. हे सगळं करण्याआधी जुन्या ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप) चालू आहे का ते बघा आणि रिकव्हरी की वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा. ती नसताना क्लोनिंगच्या, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत काढण्याच्या, भानगडीत पडू नका.

पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात सरकवा, सोनेरी टोक जवळजवळ दिसेनासं होईपर्यंत. मग हळूच खाली दाबून स्क्रू लावा. हा स्क्रू बहुधा एम२ मापाचा, ३ मिलिमीटर लांबीचा असतो, डेस्कटॉप बोर्डाच्या खोक्यात छोट्या पुडीत येतो आणि हमखास हरवतो. स्क्रूखालचा खांबही योग्य जागी हवा. खांब न लावता स्क्रू थेट बोर्डात पिळला तर पट्टी वाकते आणि चिपखालचे टाके सुटू शकतात. हीटसिंक लावत असाल तर थर्मल पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक सोलायला विसरू नका. ते तसंच राहिलं तर हीटसिंक असूनही ड्राइव्ह तापते. ड्राइव्हवरचं लेबल मात्र सोलू नका, बहुतेक कंपन्या त्यावर वॉरंटी नाकारतात.

अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज टाकताना ‘एकही ड्राइव्ह सापडली नाही’ असं आलं तर घाबरू नका. बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ (इंटेलची ड्राइव्ह सांभाळण्याची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन इन्स्टॉलरला दाखवा, किंवा विंडोज टाकण्याआधी व्हीएमडी बंद करा. आधीपासून चालू असलेल्या विंडोजवर हा पर्याय फिरवलात तर निळा पडदा येईल. पर्याय पूर्ववत केला की मशिन पुन्हा सुरू होतं.

मोजून पाहा

बसवल्यावर पहिलं काम म्हणजे मार्ग तपासणं. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम उघडा आणि ‘ट्रान्स्फर मोड’ची ओळ वाचा. तिथे दोन नोंदी असतात, आधी सध्या जुळलेला मार्ग आणि नंतर ड्राइव्हची कमाल. ‘पीसीआयई ३.० x४’ आणि शेजारी ‘४.० x४’ दिसलं तर अडथळा स्लॉटचा किंवा प्रोसेसरचा आहे, ड्राइव्हचा नाही.

मग वेग मोजणारा क्रिस्टलडिस्कमार्क. त्यात वरची ओळ सलग वाचनाची, रांग ८. खोक्यावरच्या आकड्याशी फक्त ही ओळ ताडून पाहायची. सगळ्यांत खालची ओळ ४ केबी, रांग १. मशिन हाताला किती चपळ लागेल ते ती सांगते. चाचणीची फाइल आपण बदलली नाही तर १ जीबीची असते आणि ती एसएलसी कॅशमध्ये सहज मावते, त्यामुळे कॅशपलीकडचा वेग या चाचणीत सहसा कळत नाही. त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा, मोफत प्रोग्रॅम वापरा. लिनक्सवर एफ३ आहे. हे प्रोग्रॅम मोकळी जागा १-१ जीबीच्या फाइलींनी भरतात आणि परत वाचून पडताळतात. वेग कुठे कोसळतो ते दिसतं. अतिवेगवान एनव्हीएमईवर प्रोग्रॅमच मागे पडू शकतो, पण कोसळण्याची जागा तरीही कळते. हा खेळ ड्राइव्ह नवी असताना एकदाच करावा.

याच चाचणीत बनावट मालही पकडला जातो. हजार-दोन हजारांत ‘१६ टीबी बाह्य एसएसडी’ विकली जाते, तिच्या आत बहुधा एखादं मेमरी कार्ड असतं आणि खोटी क्षमता सांगणारं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला तिला चालवणारा प्रोग्रॅम). नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ती फाइली घेते, नावंही दाखवते, पण खऱ्या क्षमतेपलीकडचा डेटा नाहीसा झालेला असतो. विकत घेतलेला माल परत करण्याची मुदत संपायच्या आत पडताळणी पूर्ण करा.

आकडा कमी आला तर

चुकीचा आकडाच बहुधा कारण सांगतो. साटा ड्राइव्ह २७० च्या आसपास अडकली तर पोर्ट दुसऱ्या पिढीचं आहे. त्याच बोर्डावर वेगळ्या रंगाचं, ६ गिगाबिटचं पोर्ट आहे का ते पाहा. एनव्हीएमई १,७०० च्या आसपास अडकली तर ३.० च्या दोनच लेन मिळाल्या आहेत, ८५०-९०० वर अडकली तर एकच. ड्राइव्ह काढून, संपर्काची टोकं सुक्या मऊ कापडाने पुसून परत बसवा. तिरकी बसलेली पट्टी कमी लेनवर जुळल्याची उदाहरणं आहेत. साटामध्ये स्मार्टच्या (ड्राइव्ह स्वतः ठेवते त्या आरोग्य-नोंदींच्या) यादीतला १९९ क्रमांकाचा सीआरसी दोष, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याची मोजणी, वाढत असेल तर केबल बदला, ड्राइव्ह नाही.

बाहेरच्या केसमध्ये घातलेली एनव्हीएमई ४० देत असेल तर ती यूएसबी २.० वर चालली आहे. केबल चार्जिंगची असण्याचीच शक्यता जास्त. ४०० ते ४५० म्हणजे ५ गिगाबिटचं पोर्ट, १,००० म्हणजे १० गिगाबिटचं. यूएसबी ३.२च्या नावांचा घोळ इतका आहे की नाव सोडून केवळ गिगाबिट पाहावेत. ‘२x२’ असं लिहिलेली २० गिगाबिटची केस घेण्याआधी लॅपटॉपला ते पोर्ट आहे का ते तपासा. नसेल तर ती १० वर उतरते आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

सुरुवातीला वेग चांगला आणि दोन मिनिटांनी पडला, तर कॅश संपली की ड्राइव्ह तापली, हे वेगळं काढावं लागतं. क्रिस्टलडिस्कइन्फो शेजारी उघडं ठेवून तापमान बघा. बहुतेक ड्राइव्ह ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीचंच तापमान चाळिशीला टेकलेलं असताना, ग्राफिक्स कार्डाखाली दडलेल्या स्लॉटमधली ड्राइव्ह लवकर तिथे पोहोचते. तापमान ५०-६० वरच असेल आणि तरी वेग पडला, तर ती कॅशच. अर्धा तास थांबून पुन्हा कॉपी केल्यावर वेग परत आला की खात्री झाली.

हजारो छोट्या फाइली कॉपी होताना वेग २० एमबीवर येणं हा दोष नाही. प्रत्येक फाइलमागे नोंदी कराव्या लागतात आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून पाहतो. फोल्डरची एकच झिप करून हलवा.

काही महिन्यांनी ड्राइव्ह मंदावली तर विंडोजच्या ‘ऑप्टिमाइज ड्राइव्ह्ज’मध्ये जाऊन ड्राइव्हसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असंच लिहिलंय ना आणि शेवटचं ट्रिम कधी झालं, ते पाहा. ट्रिममुळे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं कंट्रोलरला कळतं. स्वस्त यूएसबी केस हा आदेश पुढे पोचवत नाहीत.

देखभाल

फर्मवेअरकडे दुर्लक्ष करू नका. २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीला आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, त्या कायमच्या बंद पडत आणि डेटाही परत मिळत नसे. ३२,७६८ हा दोनचा पंधरावा घात. तास मोजणारा आकडा तिथे ओसंडत होता. एकत्र घेतलेल्या ड्राइव्ह एकत्रच मेल्या असत्या, म्हणजे रेड (एक ड्राइव्ह गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणं) लावूनही उपयोग नव्हता. फर्मवेअर टाकण्याआधी बॅकअप घ्या आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा.

एनव्हीएमईच्या आरोग्य-नोंदींत ‘परसेंटेज यूज्ड’ ही झीज, ‘अव्हेलेबल स्पेअर’ ही राखीव ब्लॉकची शिल्लक. शिल्लक १०० वरून घसरू लागली किंवा ‘मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स’ शून्यावरून हलले, तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा. ‘डेटा युनिट्स रिटन’मधलं एक युनिट ५,१२,००० बाइटांचं असतं, म्हणजे वीस लाख युनिटं झाली की साधारण १ टीबी लिहून झाला.

‘अनसेफ शटडाउन्स’ भराभर वाढत असतील तर वीज अचानक जाते आहे. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये अशा वेळी हातातलं लेखन पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये सहसा नसतात. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर मागच्या बाजूचा खटका ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये वीज बदलायला कमी वेळ लागतो आणि संगणक रीस्टार्ट होत नाही. विंडोजमधला ‘राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा’ हा पर्याय चाचणीतला आकडा वाढवतो म्हणून काही जण निवडतात. वीज जाणाऱ्या घरात तो अजिबात निवडू नये.

जुने फोटो एसएसडीवर टाकून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडा. चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेईडीईसी संस्थेच्या मानकानुसार, आपलं टीबीडब्ल्यू पूर्ण वापरून झालेल्या घरगुती ड्राइव्हने ३० अंश तापमानात वीज न देता १ वर्ष डेटा टिकवणं अपेक्षित आहे. नवी ड्राइव्ह याहून बराच जास्त काळ टिकवते, पण उष्णता वाढली की हा काळ झपाट्याने घटतो. कपाटातल्या साठ्यासाठी हार्ड डिस्क घ्या, आणि एसएसडीच वापरायची असेल तर वर्षातून एक-दोनदा जोडून सगळा डेटा एकदा वाचून काढा.